मिळालेली दहावी

आदरणीय मोठ्या बाई,

"दिवस राहिले की आधी मला सांगायचं. वेळापत्रक काही तुमच्या सासूबाई करत नाहीत," असं तुम्ही म्हणालात आणि आम्ही सगळ्याजणी हसलो. विज्ञानाच्या बाईंनी लगेच सांगितलं, तर त्यांची दहावी तुम्ही त्याच आठवड्यात काढून घेतलीत. शिक्षकांच्या सभांमध्ये हक्कांसाठी गर्जणारी मी मात्र गप्प बसले.

गेल्या सोमवारी सगळं संपलं. रजेच्या अर्जात मी ताप लिहिला.

आज तुम्ही प्रेमाने पाठीवर हात ठेवलात. "दहावी तुम्हालाच देते. तुमच्यामागे कसला व्याप नाही." मी आभार मानले.

व्याप होता, बाई. माझ्या पोटात होता. जिथे हे सांगायची भीती वाटते, तिथे मुलांना निर्भय व्हा म्हणून कोणत्या तोंडाने शिकवू?

तुमची,
दहावीची नवी वर्गशिक्षिका