गोलपोस्टापुढचा कौल

१ मार्च २००६, बुधवार
खुब्याचं दुखणं कॉलेजात अजून कुणाला कळलेलं नाही. चेंडू मी उभ्याने मारतो, सूर मारून दाखवायचं काम नतालीकडे. "कोच, तुम्ही साहेब झालात," म्हणाली. तिचं शेवटचं वर्ष. इतकी चांगली गोलकीपर माझ्या हाताखाली आली नव्हती.

शनिवारी माझी कोचिंगची परीक्षा, परीक्षकासमोर मैदानात शिकवून दाखवायचं. नवा नियम — सर्टिफिकेट नसेल तर पुढच्या सीझनला गोलकीपिंग कोचची जागा नाही. हेड कोच ग्रॅहम म्हणाला, "मिस्टर पी, माझ्या हातात काही नाही."

वीणा म्हणते, "अहो, आधी ऑपरेशनचं बघा." वेटिंग लिस्ट लांब आहे.

३ मार्च
कोल्हापूरला तालमीच्या संघात गोल राखला. वीणाला लेस्टरच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, तिच्यामागे आलो. गोदामात खोकी उचलली, रविवारी पार्कात गोलकीपर शिकवले, तिथून कॉलेज. मला एवढंच येतं. हे गेलं तर पुन्हा खोकी — आणि या खुब्याने तीही उचलणार नाहीत.

४ मार्च, शनिवार
मारुतीचा वार. उपास.

सुरू करण्याआधी नेहमीसारखा वाकलो. तालमीत शिरताना मारुतीचं नाव घेऊन माती कपाळाला लावायची, ती सवय काही सुटली नाही. बोटं मातीला टेकली आणि खुबा धरला. उठताच येईना. नताली धावत आली, शेजारी गुडघ्यावर बसली, खांदा दिला. "हळू, कोच. परीक्षकाला वाटू दे, आपण दोघं प्रार्थना करतोय."

उभा राहिलो. परीक्षक आमच्याकडे बघत कागदावर काहीतरी लिहीत होता. पुढचं कसं शिकवलं, आठवत नाही. निकाल नंतर कळवतील.

५ मार्च
ज्याच्यापुढे वाकलो त्यानेच उठू दिलं नाही. गावी देवाला कौल लावतात, तेव्हाही इतकं स्पष्ट उत्तर मिळत नाही.

वीणा चिडली. "मारुतीला दुसरी कामं आहेत. सांधा झिजलाय तुमचा, एक्स-रे मी बघितलाय."

६ मार्च
ग्रॅहमला सांगितलं, सोडतो. "अरे, निकाल तर येऊ दे!" म्हटलं, आला.

१५ मार्च
जागा नतालीला दिली. तिचं सर्टिफिकेट मागच्याच उन्हाळ्यात झालंय. या जागेसाठी तिने नॉटिंगहॅमची नोकरी नाकारली. त्याआधी माझ्याकडे आली होती. "कोच, तुम्हाला राहायचं असेल तर आत्ता सांगा. मी ग्रॅहमला नाही म्हणते." देवाची इच्छा, म्हटलं. ती रडली. मी नाही.

२० मार्च
परीक्षकाचा फोन. पास. सुरुवातीला आम्ही दोघं मैदानाला वाकलो ते त्याला फार आवडलं, म्हणाला. तेच आधी लिहून ठेवलं.

वीणाला सांगितलं नाही. कुणालाच सांगायचं नाही. संध्याकाळी मारुतीपुढे दिवा लावला. काही विचारलं नाही.