दबोरा, बाराक आणि प्रभाग सात

३ ऑक्टोबर, शुक्रवार, पहाटे ५.३०
ठरलं. नगरपरिषद, प्रभाग सात, उमेदवार मी. शेजारच्या गल्लीतले सिद्धोधनराव म्हणाले की तुमच्या मंडळीनं एक नाव द्यावं, आमी पाठीशी हाव. चर्चच्या मंडळीत नाव दुसरं कुणाचं निघणार? सेक्रेटरी मी. बाजार समितीत एकतीस वर्षं क्लार्की केलेली. शिवाय बायबलात रोमकरांस पत्र, अध्याय तेरा: सत्ता देवाने नेमलेली असते. मला तेवढं नेमायचं राहिलंय. आजपासून रोज एक अध्याय आणि दोन किलोमीटर वॉकिंग.

सकाळी ८
वॉकिंग उद्यापासून. अध्याय मोठा निघाला.

५ ऑक्टोबर, रविवार
उपासनेनंतर मीटिंग. राणीबाई (ब्लाउज शिवते, तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं) उठली. म्हणे चर्चसमोरची नाली तीन वर्षं तुंबलीय, लोक विटांवर पाय ठेवून प्रार्थनेला यायलेत, उमेदवार त्याचं काय करणार? मी शांतपणे पौलाचं वचन काढलं: स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. बसली खाली. पाळकसाहेबांनी घसा खाकरला. सर्दी असावी.
वाटेत बबिता, माझी बायको, म्हणाली की एवढ्या मोठ्या पुस्तकात तुमाला बरं नेमकं तेच सापडतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कौतुक पहिल्यांदाच.

७ ऑक्टोबर, मंगळवार
उद्या आरक्षणाची सोडत. काहींना धास्ती. आज पाळीनं प्रार्थना आमच्या घरी होती, तिथं नीतिसूत्रांतून समजावलं: चिठ्ठी माणूस टाकतो, निर्णय परमेश्वराचा. जी निघेल ती मुकाट मान्य करायची. सगळे आमेन म्हणाले. पोस्टरसाठी फोटो काढला. कोट मानवतच्या मेव्हण्याचा.

८ ऑक्टोबर, बुधवार, दुपारी १
प्रभाग सात: महिला राखीव.
जेवलो नाही.

संध्याकाळी ६
उगाच घाबरलो. जेवलो. शास्ते, अध्याय चार. दबोरा! बाईमाणूस, न्याय करणारी, अख्ख्या इस्राएलची पुढारी! पौलाचं ते वचन त्या काळच्या करिंथच्या बायकांपुरतं होतं, हे मला आधीपासूनच जाणवत होतं. बबिता उभी राहील, कारभार मी बघेन. पोस्टरवर तिचा फोटो लहान, माझा मोठा. तिला सांगितलं. भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणजे होकार.

१२ ऑक्टोबर, रविवार
पाळकसाहेबांकडून दहा मिनिटं मागून घेतली, पंचेचाळीस बोललो. विषय दबोरा. जिला देवाने बोलायला उठवलं तिला गप्प बसवणारे आपण कोण, असं विचारलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. राणीबाईचं आमेन तर लय जोरात. पुढच्या रविवारी नाव ठरणार. बिनविरोध होईल.

१९ ऑक्टोबर, रविवार
बिनविरोध झालं.
राणीबाईचं.
नाव बबितानं सुचवलं. उठून म्हणाली की आमच्या ह्यांनी गेल्या रविवारी दबोरा दाखवली, ती मला तर राणीतच दिसली. नालीचं आधी कोण बोललं? मी हरकत घ्यायला उठलो. सगळे माझ्याकडं वळले. मी आमेन म्हणालो.
घरी विचारलं, तू का नाही उभी राहिलीस. तर म्हणाली, फोटो तुमचा मोठा, कारभार तुमचा, मग मी कशाला? अन् मला एकदा तरी इचारलंत का, उभी राहतीस का म्हणून? डोळ्यात पाणी होतं तिच्या. याला उत्तर म्हणून वचन शोधतोय. अजून सापडलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार
राणीबाईचा अर्ज भरला. सूचक म्हणून सही बबिताची. फोटोत दोघी हसतायत, मी छत्री धरलीय.
पाळकसाहेब म्हणाले की दबोरेला बाराक लागतोच. सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. घरी येऊन अध्याय चार नीट वाचला. सेनापती बाराक तिच्यासोबत लढाईला जातो, मात्र श्रेय त्याला मिळणार नाही असं ती त्याला आधीच सांगून टाकते. त्या दिवशी मी तिथपर्यंत पोचलो नव्हतो.
उद्या पहाटे साडेपाचपासून पत्रकं वाटायची, प्रभागातल्या प्रत्येक दारी. वॉकिंग सुरू.