एका संगणकातली दोन घड्याळं

बनी पार्क, जयपूर
१४ जून २००५

तीर्थस्वरूप श्यामकांतराव दाजी यांस,

दिलीपचा साष्टांग नमस्कार. ('ती. स्व.' असं थोडक्यात लिहिणार होतो, पण 'स्व.' हे अक्षर सध्या माझ्या हातून जपूनच उतरलेलं बरं.) आपली तब्येत, यमुनाताईचे गुडघे आणि तन्मयचा अभ्यास हे सर्व यथास्थित असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. उन्हाळा जयपूरच्या मानाने सौम्य आहे, म्हणजे नळाच्या पाण्याने चहा होत नाही, फक्त हात भाजतो.

आपल्या विजयमालाआत्या गेल्या त्या दिवसापासून आपण माझा फोन घेत नाही. घेतला होता तो एकदाच. "दिलीप, तुला सकाळीच कसं कळलं?" एवढं विचारलंत आणि मी "काय?" म्हणायच्या आत ठेवून दिलात. नंतर ताईने सांगितलं तेव्हा प्रकार समजला. आत्यांनी दुपारी अडीचच्या सुमाराला, जेवण करून, पडल्या पडल्या प्राण सोडला. मी समाचाराची ईमेल केली ती पावणेचारला. पण तन्मयने ती जमलेल्या मंडळींसमोर मोठ्याने वाचली, तेव्हा तिच्यावर सकाळचे सव्वादहा होते. सकाळी सव्वादहाला, ताई म्हणते, आत्या उपीट खारट झालं म्हणून सगळ्या घराला फैलावर घेत होत्या. आणि त्याच वेळी मी जयपुरात बसून त्यांच्या आत्म्याला शांती चिंतीत होतो, असं कागदावर दिसतं. मंडळींपैकी कोणीतरी म्हणालं म्हणे, की जयपूरला ज्योतिषी चांगले आहेत. दाजी, मी कोणाही ज्योतिष्याकडे गेलो नव्हतो. मी राजा पार्कातल्या अरोराजींच्या दुकानात गेलो होतो, आणि सगळं तिथून सुरू झालं.

आमच्या घरी संगणक एकच. त्यावर मी ऑफिसची (झालान्याला आमचं विमा कार्यालय आहे, आपण मागे आलात तेव्हा तिथला चहा घेतला होता) थोडी कामं करतो आणि पत्ते खेळतो. गिरिजा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते हे आपल्याला माहीत आहेच. तिला तिच्या आकडेमोडीसाठी लिनक्स नावाची वेगळी प्रणाली हवी होती. मला माझं विंडोज सोडायचं नव्हतं. आमच्या संसारात अशा वेळी एकाने माघार घ्यायची रीत आहे आणि तो एक कोण हेही ठरलेलं आहे, पण या वेळी मी ताठ राहिलो. अरोराजी म्हणाले, "साहब, झगड़ा काहे का? दूसरी हार्ड डिस्क डलवा लो. भाभीजी की अलग, आपकी अलग." म्हणजे चूल एक आणि कोठ्या दोन. संगणक सुरू केला की तो आधी विचारणार, आज कोणाकडे जायचं? आपण बाण खालीवर करून सांगायचं. मला हे फार सभ्य वाटलं.

मग अरोराजींनी विचारलं, "इनमें मास्टर कौन-सी रहेगी और स्लेव कौन-सी?" दाजी, मला वाटलं ते आमची थट्टा करताहेत. पण तसं नाही; एका डिस्कला मालक आणि दुसरीला गुलाम असं खरोखरच नेमावं लागतं, आणि त्यासाठी मसुराच्या दाण्याएवढी एक टोपी पिनांवर बसवतात. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. त्यांनीही आमच्याकडे पाहिलं. गिरिजा शांतपणे म्हणाली, "यांचीच मास्टर करा. नाव यांचं राहू दे." मी त्या वेळी समाधानाने मान हलवली.

घरी आल्यावर गिरिजाने सीडी घालून तिच्या डिस्कवर तिची प्रणाली चढवायला घेतली आणि मी शेजारी खुर्ची टाकून देखरेख करत बसलो. मधेच पडद्यावर प्रश्न आला, की या संगणकाचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर आहे का? गिरिजा तेवढ्यात दुधाखालचा गॅस बंद करायला गेली होती. मला प्रश्न प्रतिष्ठित वाटला. ग्रिनिच म्हटल्यावर 'नाही' म्हणवेना. मी 'हो' दाबलं.

त्याचा परिणाम असा, की तिची प्रणाली यंत्रात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवायची आणि माझं विंडोज तीच जयपूरची समजून मला दाखवायचं, म्हणजे साडेपाच तास मागे. मी घड्याळ पुढे करायचो. मग गिरिजा तिच्या बाजूला शिरली की तिला ते साडेपाच तास पुढे दिसायचं, ती मागे करायची. दोघांनाही वाटायचं की दुसरं मुद्दाम करतंय. बोललं मात्र कोणी नाही. (लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस घड्याळावरून भांडत नाही, नुसतं दुरुस्त करत राहतो.) ज्या शहरात महाराजांनी सावलीवरून वेळ मोजायचं दगडी यंत्र बांधून ठेवलं, आणि ते इतक्या वर्षांनीही चोख चालतं, तिथे आमचं हे असं चाललं होतं. आत्या गेल्या त्या दिवशी सकाळी गिरिजाने तिच्या बाजूला शिरून पेपर तपासणीचे आकडे भरले होते. दुपारी ताईचा फोन आला, मी सुन्न झालो, बसलो आणि मेल धाडली. अशा प्रसंगी कोपऱ्यातलं घड्याळ कोण बघतं?

आपण फोन आपटलात तो या घड्याळापायी, हे ताईकडून कळल्यावर मला इतका संताप आला की गिरिजाची सबंध डिस्कच पुसून टाकावी, असं मी ठरवलं. ती भाजीला गेली होती. विंडोजची सीडी घातली. पडद्यावर दोन डिस्का दिसल्या. नावं नव्हती, नुसते आकडे: शून्य आणि एक. मी विचार केला, एक म्हणजे मी. शून्य म्हणजे ती. (हा विचार गिरिजाला सांगितलेला नाही. आपणही ताईला सांगू नये.) शून्य पुसली. यंत्रं मोजायला शून्यापासून सुरुवात करतात आणि मालकाचा मान शून्याला देतात, हे मला गिरिजाने परत आल्यावर, हातातली दुधी भोपळ्याची पिशवी खाली न ठेवता समजावलं. माझं सगळं गेलं. तिचंही सुरू होईना, कारण कोणाकडे जायचं हे विचारणारा दारवान माझ्याच डिस्कवर बसवलेला होता. तिने तो एका सीडीने उठवून आपल्याकडे नेला. मग मी दाबलेल्या 'हो'ची, घड्याळापुढची ती एक खूण काढली. एकच खूण, दाजी. "मला विचारलं असतंत तर?" एवढंच म्हणाली.

आता संगणक सुरू केला की काहीही न विचारता थेट तिच्याकडे जातो. त्यात मला खेळायचे पत्तेही सापडत नाहीत, मेल तर दूरच, म्हणून हे पत्र हाताने लिहितो आहे. आत्या माझ्यावर रागवायच्या, पण ताईच्या लग्नात पंगतीत मला शेवटची जिलबी त्यांनीच हात धरून घ्यायला लावली होती. मी त्यांच्या मरणाची वाट पाहत नव्हतो. मेलवरची वेळ खोटी होती, दुःख खरं होतं. एवढं मनात धरावं आणि फोन घ्यावा, ही विनंती. ताईस नमस्कार, तन्मयला आशीर्वाद.

आपला आज्ञांकित,
दिलीप

ता. क. : गिरिजा म्हणते, 'खरं आहे ते सगळंच लिहा.' म्हणून लिहितो. तो मजकूर मुळात आत्यांसाठी नव्हता. मागच्या वर्षी पुण्याच्या मनोहरकाकांना अतिदक्षता विभागात ठेवलं, तेव्हा आयत्या वेळी काही सुचत नाही म्हणून मी तो शांतपणे बसून लिहून ठेवला होता. काका बरे होऊन घरी आले, आणि मजकूर तसाच पडून राहिला. त्यात 'काका'च्या जागी 'आत्या' घातलं आणि क्रियापदं बदलली. (एका ठिकाणी 'गेले'चं 'गेल्या' करायचं राहिलं. तन्मयच्या ते लक्षात आलेलं दिसत नाही. हल्लीच्या मुलांचं मराठी.)

ता. क. २ : मूळ प्रत माझ्या डिस्कबरोबर गेली. तन्मयने छापून घेतलेला कागद आपल्याकडे असेल, तो रागाच्या भरात फाडला नसेल तर मला पाठवून द्यावा. इतकं चांगलं मला पुन्हा जमेलसं वाटत नाही. काल पुण्याहून काकांच्या सुनेचा, लताचा, फोन आला होता. त्यांना परत दवाखान्यात हलवलं आहे. देव करो आणि काका खडखडीत बरे होवोत. तेव्हा घाई अशी नाही, पण साध्या टपालाने पाठवू नये.