कोल्ह्याचा वाटा

बाबा, तांबडीचं एक करडू कोल्ह्याने नेलं. तुला सांगण्यासारखी दुसरी बातमी नाही. म्हणजे आहेत पुष्कळ, पण त्या ऐकून तू काय करणार? तू शेळ्यांचंच विचारशील, म्हणून शेळ्यांचंच लिहिते. चौथीत माझी शाळा सुटली तेव्हा तू म्हणाला होतास, "सही येते ना, मग बास." सहीच्या पुढं लिहायची वेळ येईल असं तुलाही वाटलं नव्हतं नि मलाही. चुका काढू नकोस. तुला तरी कुठं वाचता येत होतं.

ही तांबडी तुझ्याच तांबडीच्या वंशातली. तू गेलास तेव्हा वर सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, शेळ्या बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी त्या हाकत खाली माझ्या सासरी आणल्या. सासू म्हणाली, "लोकांच्या सुना सोनं आणतात, हिने कळप आणला, वासासकट." तीही आता नाही. शेळ्या आहेत. मध्यंतरी तांबडी व्याली, दोन करडं झाली, आणि दुसऱ्याच सकाळी बघते तर एकच. कुडाखालची माती उकरलेली, आणि तांबडी त्या भोकाशी तोंड लावून उभी. ओरडत नव्हती. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

शेजारचे भाऊजी आले, भोक बघितलं, म्हणाले, "वैनी, सरळ काम करू. कोंबडीच्या आतड्यात औषध घालू नि टाकू सड्यावर. दोन रात्रींत सगळं गप." मी म्हटलं, "जंगलवाले आले म्हंजे?" तर म्हणतात, "त्यांना काय कोल्हा सांगाय जाणार हाय?" मी म्हटलं, आणा. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला वाट बघायला जमत नाही. काळी शेळी दिवसांवर आलेली, तिचंही करडू गेलं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघू. पालीच्या बाजाराला जातो तेव्हा औषध घेऊन येतो, म्हणाले.

त्या रात्री मी गोठ्याच्या दाराशी तुझी घोंगडी घेऊन बसले. ती घोंगडी अजून आहे, एका टोकाला जळलेली. डोळा लागला की नाही ते मला सांगता येणार नाही, पण मी लहान आहे आणि तू वरच्या गोठ्याभोवती चूड घेऊन फिरतोयस. झावळी गुंडाळून केलेली ती मशाल आता कोणी पेटवत नाही, सगळ्यांच्या खिशात मोबाईलची बॅटरी. तू हात हलवतोस तशा ठिणग्या कातळावर सांडतात नि तिथंच विझतात, जसं कोणी काळ्या पाण्यावर फुलं सोडतंय. मग तू थांबतोस, अंधाराकडं तोंड करतोस आणि कुकारा घालतोस, "हूऽऽ, पाव्हण्यांनू, जागा हाय मी." पलीकडून सगळे कोल्हे एकदम रडायला लागतात. तू माझ्याकडं वळून म्हणतोस, "बघ, वाईट वाटलं त्यांना." मी हसता हसता तुझ्या मांडीवर आडवी होते, आणि तुझा आवाज एकदम बदलतो. "झोपायचं तर घरात जा. हितं बसलीस तर जागी बस. निजलेला राखणदार कोल्ह्याला वासानं कळतो." मी दचकून बसते. गोठ्यात काळी रवंथ करतेय. विडीचा वास येतोय, आणि आमच्या घरात विडी कोणीच ओढत नाही.

आणखी एक दिसलं मला त्या रात्री. आये दारात उभी आहे आणि तुझ्यावर करवादतेय, "शेळीची वार कोण झाडाला बांधतं हो? गाईची बांधतात, म्हशीची बांधतात. नि बांधायचीच तर मागं फणस हाय की, त्यालाबी चीक हाय. वडापर्यंत कशाला मरायला जाता?" शेळी व्याली आणि करडामागून वार पडली की तू ती पेंढ्यात गुंडाळायचास आणि सड्याच्या पार टोकाच्या वडाला बांधून यायचास. चिकाच्या झाडाला वार बांधली की जनावराचं दूध वाढतं, हे सगळेच मानतात. पण ते घराजवळचं झाड बघतात. तू आयेला म्हणायचास, "वडाचं दूध दाट." एकदा मी चूड धरायला तुझ्याबरोबर आले होते. लोक वार उंच फांदीला बांधतात, कारण ती कुत्र्याने, कोल्ह्याने खाल्ली तर दूध आटतं. तू वाकून गुडघ्याएवढ्या उंचीवर पारंबीला बांधलीस. मी म्हटलं, "बाबा, वर बांध की. कोल्हा खाईल." तू म्हणालास, "माजा हात पोचत नाय गो." आपल्या दारातनं वाकून आत येणारा माणूस तू. मी ते खरं मानलं.

सकाळी मी गोठ्यामागं गेले. फणसाखाली पेंढा विस्कटलेला, फांदीला सुंभाचा तुटका तुकडा. सुनेला विचारलं तर ती म्हणते, "तुम्हीच म्हणालात ना आई? तांबडीची वार बांध कुठल्यातरी चिकाच्या झाडाला नि लवकर ये, भाकऱ्या थापायच्यात." म्हणाले होते. जन्मभर सगळ्यांना लवकर, लवकरच म्हणत आलेय मी. तो फणस गोठ्याच्या कौलांवर वाकलेला आहे. कोल्ह्याला आम्हीच दारापर्यंत बोलावलं, वाढलं, आणि तो उरलेलं घेऊन गेला. मी त्या सुंभाकडं बघत उभी राहिले आणि तुझा हात का पोचत नव्हता ते मला तेव्हा कळलं. वडाखाली पोट भरल्यावर सडा उतरून कोण येतंय.

काळी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला व्याली. एकच करडू, कपाळावर पांढरं. वार पडल्यावर मी ती पेंढ्यात घेतली, भोकावर दगड रचले, करवंदीच्या काट्या ओढल्या, सुनेला दारात बसवलं आणि निघाले. वाटेत भाऊजी भेटले, हातात पुडी. "वैनी, औषध आणलंय. कुठं निघालात?"

"ठेवा तुमच्याकडंच. माझ्या गोठ्यापाशी दिसलं तर तुमच्या भातात कालवीन."

"आता काय कोल्ह्याला जेवण वाढणार?"

"हो. हात धुवून बसलाय तो."

"बापावर गेलात."

"मग काय तुमच्या बापावर जाऊ?"

हसले. पुडी कमरेला खोचून घरी गेले. मनात काय आहे त्यांच्या, मला ठाऊक नाही. आमचं काही गेलं नाही तर तेही गप बसतील. गेलं तर ऐकायचे नाहीत, आणि मग मलाही तोंड राहणार नाही.

सड्यावर चांदणं होतं. दिवसभर तापलेला कातळ पायाखाली अजून कोमट होता, एखाद्या निजलेल्या जनावराच्या पाठीवरून चालावं तसा. वाळलं गवत पांढरं, हलत होतं पण आवाज नव्हता. खाली लांबवर समुद्र, पण त्या उजेडात समुद्र कुठं संपतो नि सडा कुठं सुरू होतो ते कळेना. मोबाईलची बॅटरी मधेच मेली. तरी वाट चुकले नाही. पाय आपोआप जात होते, जसं पुढं कोणी चूड घेऊन चाललंय. वडापाशी वाकले, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली. मागं सरले, आणि माझ्या तोंडातून तुझा कुकारा गेला, घोगरा, अर्ध्यात तुटलेला. पलीकडून उत्तर आलं. मग गवत दुभंगलं. कोल्हा होता की वारा, नीट दिसलं नाही. वडाखाली कोणीतरी उंच माणूस वाकून उभा असल्यासारखं वाटलं. पारंब्या असतील. मी जवळ गेले नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. दोन्ही करडं गोठ्यात उड्या मारतायत. कोल्हे ओरडतात, पण सड्यावरूनच. मी रोज निजायच्या आधी गोठ्याला एक फेरी मारते नि सांगते त्यांना, जागी हाय. भाऊजी कुडाआडून ऐकतात नि खोकतात.

हे कागद मी तुझ्या घोंगडीच्या घडीत ठेवणार आहे. तू वाचणार नाहीस आणि दुसऱ्या कोणाला मी वाचू देणार नाही. एवढंच राहिलं सांगायचं, काळीचं दूध कमी झालंय. आये जन्मभर कुरकुरत होती ना, लोकांच्या शेळ्या चरवीभर देतात नि आमच्या वाटीभर, आणि तू चुलीत बघत एकच उत्तर द्यायचास. काल सुनेने चहा ठेवताना विचारलं, "आई, काळी दूध का देत नाय?" मी चुलीत लाकूड सारलं.

"चारा कमी पडतो गो," म्हटलं, आणि कोरा चहा प्यायले.