संतोषचं पोहणं

२ फेब्रु., सोम.
टँकवर पहिला दिवस. हाफ पँटवर गेलो तर गार्डनं दारातूनच परत फिरवलं. नायलॉनची कॉस्च्यूम पाहिजे, डोक्याला टोपी पाहिजे, नाहीतर घरी. आमच्या निघोजे गावच्या विहिरीत लंगोटीवर वाढलेला माणूस मी. समोरच्या दुकानातून दोन्ही घेतलं. टोपी घातल्यावर कान बाहेर येतात. संतोष बघून बघून हसला.
स्वतः मात्र उतरला नाही. शिडीवर बसून पाय भिजवले. गडी बीडचा, आमच्या कंपनीत पेंट शॉपला, राहतो रहाटणीत. पळण्यात कंपनीत त्याच्या पुढं कोणी नाही, सायकलही दणकट. नुसतं पोहता येत नाही. एप्रिलात धरणावर छोटी ट्रायथलॉन आहे, पोहणं, सायकल, पळणं एका दमात; त्यात माझ्यासोबत त्याचंही नाव मीच घालायला लावलं. "पोहायचं काय एवढं, मी शिकवतो," असं त्याच्या बायकोसमोर, रेखावहिनींसमोर बोलून बसलोय.

५ फेब्रु., गुरु.
कोच मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. आधी त्या आम्हाला धरणावर पोहायला लावून बघणार, मग हो म्हणतील तोच स्पर्धेला जाणार. माझं पोहणं बघून म्हणाल्या, "दादा, डोकं पाण्यात घाला." घातलं की नाकात पाणी. जन्मभर डोकं वर ठेवूनच हात मारले. त्यात मी डावीकडं वळत जातो, मधली दोरी ओलांडून दुसऱ्याच्या अंगावर. विहिरीत सरळ जायला जागा कुठं होती? गोल फिरायचं, दम लागला की कपार धरायची. इथं निम्म्यातच दम लागला आणि धरायला काही नाही.
संतोष आज छातीभर पाण्यात आला. तोंड बुडवून बुडबुडे काढले. मॅडम खूश.

११ फेब्रु., बुध.
संतोष अजून काठाची दांडी धरून पाय मारतोय. मॅडमची पद्धत लई हळू. आमच्याकडं पोरगं एका दुपारी शिकायचं. काठावर उभं करायचं, मागून धक्का. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, मला असंच टाकलं होतं. संतोषला सांगितलं तर म्हणाला, "आमच्या विहिरीत पाणीच नसायचं राव, टाकून टाकणार कुठं?"

१७ फेब्रु., मंगळ.
आज नको ते झालं.
मॅडम पलीकडच्या बाजूला. संतोष खोल बाजूच्या काठावर उभा राहून खाली बघत होता. मी मागून गेलो आणि दिला धक्का. हसत हसत. वाटलं, येईल हात मारत. हात वर आले, तोंड आलंच नाही.
उडी लाइफगार्डनं मारली. मी काठावर उभाच. आता येईल, आता येईल म्हणत नुसता बघत होतो. असा कसा उभा राहिलो, कळत नाही.
बाहेर काढल्यावर ओकला. डोळे लाल. मॅडमनी मला सगळ्यांसमोर झापलं. बरोबरच होतं. मी म्हटलं, "भावा, मस्करीत रे..." त्यानं टॉवेल उचलला आणि गेला.

१९ फेब्रु., गुरु.
कँटीनमध्ये पंख्याखालचं टेबल आम्हा दोघांचं. त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी माझी, माझं पिठलं निम्मं त्याचं. आज तो पेंट शॉपच्या पोरांत बसला. लांबून मान हलवली, नुसती ओळख असल्यासारखी. पिठलं उरलं.

२२ फेब्रु., रवि.
रहाटणीला त्याच्या घरी गेलो. वहिनी म्हणाल्या, झोपलेत. आतून टीव्हीचा आवाज येत होता. चहा दिला. मग म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या भरवशावर पाठवलं होतं. आता आंघोळीला डोक्यावर तांब्या सुदिक घेईनात." चहा संपवून निघालो.

३ मार्च, मंगळ.
तात्यांना सांगितलं शेवटी. ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली कोण व्हतं?"
म्हटलं, खाली कुठं कोण?
"आरं, मंग ढकाललंस कशाला? तुला म्या ढकालला तवा तुजा चुलता आदीच पाण्यात उतारला व्हता, हात वर करून. त्येच्याच हातात पडलास तू. खाली मानूस आसल्याबिगार आमी पोर टाकत न्हाई."
मला चुलता आठवतच नाही. धक्का तेवढा आठवतो. ती विहीर आता कुणाच्या तरी गोडाऊनच्या कंपाउंडात आहे, वर जाळी टाकलीय.
फार लाज वाटली. तात्यांसोबत शेंगा फोडत बसलो.

१० मार्च, मंगळ.
मॅडम सहज बोलून गेल्या, संतोष संध्याकाळच्या बॅचला येतो म्हणून. त्यासाठी शिफ्ट बदलून घेतली त्यानं. म्हणजे पोहणं सोडलं नाही, मला सोडलंय. वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

२४ मार्च, मंगळ.
माझं डोकं आता पाण्यात जातं. वळणं कमी झालंय. मॅडम म्हणतात, धरणावर टँकसारखी तळाला रेघ नसते, अधूनमधून डोकं वर काढून बघा कुठं चाललाय ते.
शिफ्ट सुटताना गेटवर संतोष भेटला. त्याला तात्यांचं सांगितलं, चुलता खाली होता म्हणून. ऐकून घेतलं.
"आन तू कुठं होतास?"
"काठावर."
"हां," म्हणाला, आणि सायकलवर बसला.

५ एप्रिल, रवि.
मॅडमच्या चाचणीसाठी धरणावर गेलो. पाणी हिरवट, तळ दिसत नाही. आत नारिंगी फुगा सोडलेला, तिथं जाऊन परत यायचं. प्रत्येकाच्या कमरेला छोटा फुगा बांधलेला, मॅडम होडीत. बाकीचे गेले. संतोष गुडघाभर पाण्यात जाऊन थांबला तो थांबलाच. मी त्याच्या मागं, काठावर.
वळून न बघता म्हणाला, "माझ्या मागं उभा राहू नको. भ्या वाटायलंय."
"बरं, वर जाऊन बसतो."
"वर नगं. पुढं हो. आत जा, मला दिसशील असा."
गेलो. पाय टेकेनात तिथवर गेलो आणि तोंड त्याच्याकडं करून थांबलो. कपार नाही, नुसते पाय मारत राहायचं. एक हात वर धरला. भीती मलाही होती, खोटं कशाला लिहू. त्यानं चष्मा लावला, काढला, परत लावला. ओंजळीनं डोक्यावर पाणी घेतलं. मग आला.
सरळ आला. माझ्यापेक्षा सरळ. हाताच्या अंतरावर येऊन थांबला, माझ्याकडं बघितलं. हात धरला नाही. वळला आणि काठाकडं गेला.
फुग्यापर्यंत दोघंही गेलो नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या रविवारी शेवटचं बघू, मग ठरवू.
काठावर डोकं पुसत संतोषनं विचारलं, "रविवारी यायलास ना?"
"येतो."
"आधी पाण्यात तू उतरायचं."
"व्हय," म्हटलं.