कागदावरची झडप

प्रिय दादा,

कुसुमला चिखलीच्या डॉक्टरांना दाखवून आत्ताच घरी आले. तुझ्या लेकीचं हे तुलाच आधी सांगावंसं वाटलं.

गेल्या आठवड्यात मुंबईच्या कॉम्प्युटरवर माझं हृदय पहिल्यांदा नीट चाललं. म्हणजे आकड्यांचं हृदय. त्यातली झडप उघडली, रक्त पुढे गेलं आणि झडप वेळेवर मिटली. सरांनी पेढे वाटले. माझा मला खाववेना.

लहानपणीच्या त्या तापात तुझे गुडघे सुजले आणि पुढे तुझी झडप आखडत गेली. तरी भावकीचं न ऐकता मला शिकायला पाठवलंस तूच. धाप लागली की बांधावर बसायचास, ऊन फार आहे म्हणायचास. मी हाच विषय का घेतला, हे कधी विचारलं नाहीस. ठाऊक होतं ना तुला?

मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "आधी तुह्या मशीनले इचार." मी परोपरीनं सांगितलं, की ते हृदय कुणाचंच नाही, छिद्रं पाडलेल्या कार्डांवर मांडलेलं गणित आहे, तुझ्या छातीतलं त्याला काही कळत नाही. तू नुसता हसलास. कापूस वेचून होऊ दे, म्हणालास. कापूस घरात आला आणि तू गेलास. काऊन थांबला रे दादा? बहिणीवर एवढा विश्वास ठेवायला कुणी सांगितलं होतं?

काल अमडापूरला आले, तर कुसुम अंथरुणावर. ताप, आणि गुडघे सुजलेले. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं, तर वहिनी हळूच म्हणाली, "विमलताई, आता तुमचं मशीन चालते म्हंता. त्यालेच इचारा ना. पोरीले कापाकापी नोको."

"मशीनले काई समजत नाही, वहिनी," मी म्हटलं. "चाल."

तापाचं हृदयाला लागलंय का, ते चिखलीच्या डॉक्टरांना नक्की सांगता येईना. मुंबईला दाखवा, म्हणाले. शिवाय हा ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर महिन्याला सुई, वर्षानुवर्षं.

मुंबईला न्यायला वहिनी अजून हो म्हणाली नाही. चुलीपुढे भाकरी थापत बसली आहे. मी मात्र पोरीचे कपडे बांधायला घेतलेत.

दादा, कुसुमची एकही सुई चुकू देणार नाही. आणि माझ्या गणिताच्या भरवशावर या घरात पुन्हा कुणाला थांबू देणार नाही.

तुझीच,
विमल