छकुलीला वाचून दाखवताना

सोमवार, ३ जून
आले बाई एकदाची! ताईनं दारातच मिठी मारली आणि माझी बॅग स्वतः उचलून आत नेली. ही तीच ताई, जी लहानपणी स्वतःचं दप्तरसुद्धा माझ्या गळ्यात घालायची. बालवाडी बंद पडल्यापासून मी घरी माश्या मारत बसले होते, त्यामुळे तिचा फोन म्हणजे आंधळा मागतो एक डोळा अशीच गत झाली. काम काय, तर भाचीला रोज पुस्तकं वाचून दाखवायची. छकुली दीड वर्षाची झाली तरी चकार शब्द बोलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानावर शब्द पडू द्या. ताई मला म्हणते, तुझ्या तोंडाचा पट्टा थांबतो कधी, तुझ्यापाशी शब्द उतू चाललेत, दे की थोडे भाचीला. मी म्हटलं, पोतंभर घे.
खोली मला फार आवडली. खिडकीखाली सतरंजी आणि जाड पुठ्ठ्याची पुस्तकं, सगळ्यांचे कोपरे चावलेले. इथे माझा जीव रमणार.

बुधवार, ५ जून
छकुलीची ऐकायची तऱ्हाच न्यारी. मांडीवर बसते, पण चित्रांकडे ढुंकून बघत नाही. माझ्या ओठांवर तळहात ठेवते आणि तोंडाकडे टक लावून बसते. आज चिमणीचं पुस्तक चार वेळा झालं. त्यात 'चिमणीची आई' आलं की मी 'मोठी चिमणी' वाचते. आई गेल्या वर्षी गेली. शेवटी शेवटी मीच तिच्या उशाशी होते, आणि अजून तो शब्द मोठ्यानं काढला की मला रडू फुटतं. रडक्या मावशीचं पोरीनं काय करायचं? आईचा फोटोही बॅगेतच आहे, मागे नुसतं 'आई' लिहून ठेवलेला. भिंतीवर लावायचा धीर होत नाही.
ताई या खोलीत बोलतच नाही, खुणा करते. म्हणते, माझा घसा बसलाय, पोरीला संसर्ग नको. भावोजी तर कुठेच बोलत नाहीत. लग्नात सगळ्यांना पोट धरून हसवणारा माणूस, आता नुसती मान हलवतो. मी चिडवलं, संसारानं भल्याभल्यांची वाचा बसते हो. ते हसले नाहीत.

सोमवार, १० जून
छकुली बोलली! खिडकीकडे बोट करून एकदम स्वच्छ. आवाज अगदी माझा, शेवट ओढायची माझी खोडसुद्धा. ताई टाळ्या पिटत सुटली. काय म्हणाली ते मलाच तेवढं कळलं नाही. ताईला विचारलं, तर ती नुसती हसत राहिली. मग मला खोलीबाहेर नेऊन हळूच म्हणाली, सगळं वाचतेस ना गं, मधलं काही गाळत नाहीस ना? मी आपली थाप मारली.

गुरुवार, १३ जून
मागचं पान वाचलं. बुधवारी मी कसलं तरी पुस्तक चार वेळा वाचलंय. अक्षर माझंच आहे, पण त्या शब्दाचा अर्थ लागत नाही. खिडकीत तो छोटा करडा पक्षी येतो, त्याला काय म्हणतात? सकाळी पाणी हवं होतं. ज्यातून पितात ते— बोटानं दाखवावं लागलं. छकुलीनं त्याचं नाव सांगितलं. माझ्या आवाजात.

शुक्रवार, १४ जून
भावोजींना जिन्यात गाठलं. त्यांनी स्वतःच्या ओठांवर तळहात ठेवला, छकुली ठेवते तस्सा. मग बाहेरच्या दाराकडे बोट केलं. त्यांचे डोळे भरले होते.
ताईला विचारलं. वाटलं, कानावर हात ठेवेल. कसलं काय! शांतपणे कपड्यांच्या घड्या करत म्हणाली, ह्यांनी वर्तमानपत्र वाचावं तसं वाचलं, सगळे शब्द गेले आणि पोरीला एकही लागला नाही. तुझे लागतात, तू जीव लावून वाचतेस. आता एकच राहिलाय. रोज गाळतेस तो. तेवढा दे आणि जा.
मी म्हटलं, तू का देत नाहीस?
"मी दिला, तर तिनं मला आई म्हटलेलं मला कळेल का?"
म्हणजे ती मिठी, ती बॅग उचलणं, सगळं याच्यासाठी. सख्खी बहीण! आईच्या आजारपणात फिरकली नाही, आणि आता माझ्यापाशी उरलेली आईसुद्धा हिला—
मेले तरी देणार नाही.

शनिवार, १५ जून, सकाळ
बॅग भरली. ओठ घट्ट, एक शब्द नाही. छकुलीचं मात्र वाईट वाटतं, तिचा काय दोष? एक पापा घेऊन निघते—

शनिवार, दुपार
नाही गेले.
छकुली कडेवर होती. तळहात माझ्या तोंडावर. माझा डावा हात चौकटीवर. ताईनं दार लोटलं. चुकून नाही— माझ्याकडे बघत बघत, जोरात. बोटं चेंगरली, कळ मस्तकात गेली, आणि तोंडातून ते— ठेच लागली की कुणाच्याही तोंडातून निघतं ते—
बोटं सुजलीत. छकुली हाक मारतेय. पुन्हा पुन्हा. माझ्या आवाजात. ताई रडतेय, ओ देतेय. ताईला ती काय म्हणतेय— कळत नाही.
बॅगेत एक फोटो निघाला. म्हातारी बाई. नाक माझ्यासारखं. बघितलं की रडू येतं, का ते—
मागे माझ्याच हातचं लिहिलंय. दोन अक्षरं. लावून बघते. पहिलं आ. दुसरं—